क्रीम पफ: सगळा पाण्याचा हिशोब

क्रीम पफच्या पिठात बेकिंग पावडर नसते, सोडा नसतो, यीस्टही नसतं. पाणी, बटर, मैदा आणि अंडी, संपली यादी. तरी मोठ्या सुपारीएवढा घातलेला गोळा ओव्हनमधून लिंबाहून मोठा होऊन निघतो आणि फोडला तर आत काहीच नसतं. बेकरीत मिळतो तो व्हेज पफ वेगळा, त्याला पापुद्रे असतात. फ्रेंच लोक ज्याला शू पेस्ट्री म्हणतात त्या पिठाबद्दल मी बोलतोय. एक्लेअर, प्रॉफिटरोल, क्रीम पफ ही सगळी भावंडं त्याच पिठाची.

फुगवणारी असते ती फक्त वाफ. पाण्याची वाफ झाली की तिला मूळच्या सुमारे १६०० पट जागा लागते. त्यामुळे हा प्रकार करताना मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवावं लागलं, ते म्हणजे पाणी. किती ठेवायचं, किती उडवायचं, आणि उडवलेलं परत आत कसं येऊ द्यायचं नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. वजनकाटा आणि तापमापक हाताशी असल्याशिवाय मला काही सुचत नाही, यावर घरात बरेच विनोद होतात. पण या पदार्थाला तो स्वभाव मानवतो. 'अंदाजे' म्हणून सांगितलेली कृती इथे चालत नाही, आणि गंमत म्हणजे काटेकोर आकडे पाळूनही शेवटी एका ठिकाणी डोळ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

आधी सामान. मैदा घरातला, चाळून घेतलेला. बटर बिनमिठाचं घेतलं, कारण तेच पुढे सारणात जाणार होतं. कवचात मीठवालं बटर चालतं, फक्त मग वेगळं मीठ घालू नये. अंड्यांचा मामला जरा बघावा लागतो. परदेशी कृतीत 'चार अंडी' लिहिलेलं असतं ती मोठी असतात, टरफल काढून ५० ग्रॅमच्या आसपास. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं अंडं फोडल्यावर ४५ ग्रॅम भरतं, गावरान तर त्याहून कमी. म्हणून मोजून नाही, तोलून घ्यावीत. रविवार कारंज्याकडे बेकरीचं सामान मिळतं तिथून एक सेंटीमीटर तोंडाचं नोझल, पायपिंग बॅग आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. या थर्मामीटरवर बायको म्हणाली, "आता ओव्हनलाही ताप बघणार का?" बघितला. बटण २०० वर असताना मागच्या कोपऱ्यात २१० आणि दाराजवळ १८५ होतं. हे कळलं नसतं तर अर्धे पफ करपले असते आणि अर्धे कच्चे राहिले असते, म्हणून घरगुती ओटीजी वापरणाऱ्या प्रत्येकाने हा खर्च करावा असं माझं ठाम मत आहे.

राहिलं पातेलं. आई अंडं खात नाही, आणि तिच्या पातेल्यांना, कालथ्याला अंड्याचा वास लागलेला तिला खपत नाही. म्हणून जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आणि लाकडी कालथा असा माझा वेगळा संसार मांडला. स्टीलचं मुद्दाम, नॉनस्टिक नाही. कारण पुढे येईलच.

प्रमाण असं: पाणी २५० ग्रॅम, बटर १००, मैदा १५०, चिमूट मीठ, चमचाभर साखर. बरेच जण अर्धं पाणी आणि अर्धं दूध घेतात. दुधाने रंग लवकर येतो, कवच थोडं मऊ राहतं. आमच्या ओटीजीचा वरचा रॉड तापट आहे, त्यात दुधाचे पफ आतून वाळायच्या आधीच वरून तांबडे होतात. म्हणून मी नुसतं पाणी घेतो.

बटरचे बारीक तुकडे करून थंड पाण्यात टाकायचे आणि मग गॅस लावायचा. मोठा ढेप टाकला तर तो वितळेपर्यंत पाणी उकळत बसतं आणि कमी होतं. बटर वितळायला आणि पाण्याला खळखळून उकळी यायला एकच गाठ पडली पाहिजे. त्या क्षणी गॅस बंद, सगळा मैदा एकदम आत, आणि कालथ्याने जोर लावून घोटायचं. अर्ध्या मिनिटात गुठळ्या मोडून गुळगुळीत गोळा होतो.

हे चाललेलं असताना आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अंडी अजून फोडलेली नव्हती, तेवढ्यापुरती तिची परवानगी होती. ती म्हणाली, "अरे, ही तर मोदकाची उकड!" आणि खरंच होतं ते. उकळतं पाणी, त्यात मीठ आणि तुपाचा थेंब, मग पीठ. पिठातला स्टार्च गरम पाणी पिऊन फुगतो, म्हणून थंड पाण्यात भिजवलेल्या पिठापेक्षा उकड कितीतरी जास्त पाणी धरून ठेवते आणि तरी हाताला चिकट पातळ लागत नाही. मोदकाची पारी न फाटता वळते ती त्याच्याच जोरावर आणि पफ न फाटता फुगतो तोही.

पण पुढे आईची सूचना आली, "आता झाकण ठेव आणि वाफ येऊ दे." इथे दोन्ही वाटा वेगळ्या होतात. मोदकाच्या उकडीत वाफ कोंडून ठेवायची असते, या उकडीतली घालवायची असते. गॅस परत मध्यम आचेवर लावून गोळा पातेल्यात दाबायचा, उलटायचा, परत दाबायचा. दोन-तीन मिनिटांत बुडाला पांढरट पातळ पापुद्रा धरायला लागतो आणि कालथा फिरवताना बारीक चर्र आवाज येतो. हा पापुद्रा ही खूण. नॉनस्टिकमध्ये तो धरतच नाही, म्हणून स्टील.

मला खुणेवर समाधान नव्हतं, म्हणून पातेल्यासकट वजन केलं. घातलं होतं ५०० ग्रॅम, राहिलं ४६२. म्हणजे ३८ ग्रॅम पाणी हवेत गेलं. एवढं पाणी उडालं म्हणजे तेवढी जास्त अंडी त्या पिठात मावणार, आणि फुगल्यावर घट्ट होऊन कवच उभं धरायचं काम अंड्यातली प्रथिनंच करतात. बिनअंड्याची कृती का जमत नाही त्याचं उत्तरही इथेच आहे. आईने विचारलं होतं, दही घालून होणार नाही का. फुगेल थोडं, पण उभं राहणार नाही.

आता गोळा परातीत पसरून निववायचा. अंड्यातला बलक आणि पांढरा साधारण ६० अंशांच्या पुढे गोठायला लागतात, उकड तेवढी गरम असेल तर भुर्जी होते. बोट टेकवून ठेवता आलं की पुरे. जानेवारीत नाशिकला हे काम पटकन होतं. निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी पेपरात असेल त्या दिवशी तर उकड गार होऊन आवळायच्या आत अंडं घालायची घाई करावी लागते.

पाच अंडी फेटून एका भांड्यात घेतली आणि थोडी थोडी घालायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला चित्र भयंकर दिसतं. गोळा फुटतो, तुकडे अंड्यात पोहायला लागतात, कालथा सटासट घसरतो. वाटतं, गेलं सगळं. मिनिटभर घोटत राहिलं की तुकडे अंडं पितात, परत एकमेकांना धरतात आणि पीठ आधीपेक्षा मऊ होऊन बसतं. मग पुढची खेप. दर वेळी हेच नाटक, फक्त दर वेळी कमी.

डोळ्यावर भिस्त ठेवायची म्हणालो ती जागा शेवटच्या अंड्याची. ते सगळं घालायचं की नाही, हे कृती सांगू शकत नाही, कारण मैद्याने किती पाणी प्यायलं आणि गॅसवर किती उडालं ते कृती लिहिणाऱ्याला माहीत नसतं. कालथा उचलून धरला की पीठ लगेच धप्पकन पडू नये आणि कालथ्याला गच्च चिकटूनही बसू नये. सावकाश खाली ओघळून कालथ्याच्या कडेला त्याचा चकचकीत त्रिकोण लोंबकळला पाहिजे. दुसरी खूण, पिठात बोटाने रेघ ओढली तर ती हळूहळू बुजावी. त्या दिवशी साधारण २१५ ग्रॅम अंडं लागलं, उरलेलं वरून लावायला ठेवलं. पीठ घट्ट राहिलं तर पफ कमी फुगून वेडेवाकडे तडकतात आणि सैल झालं तर पसरून चपट्या बिस्किटांसारखे बसतात. सैल झालेलं घट्ट करायला वरून मैदा भुरभुरवायचा मोह होतो, तो आवरावा. कच्चा मैदा उकडीचं काम करत नाही. त्यापेक्षा थोडी नवी उकड काढून त्यात हे सैल पीठ मिसळत जावं.

पायपिंग बॅग सरळ उभी धरायची, तिरकी नाही. नोझल ट्रेपासून बोटभर वर, दाबायचं, थांबायचं, आणि बाजूला झटका देऊन सोडायचं. शेंडा राहतोच. ओल्या बोटाने तो बसवला नाही तर तेवढाच करपतो. मी प्रत्येक गोळा २५ ग्रॅमचा केला. वर क्राकलां नावाची पातळ टिकली ठेवली. बटर, साखर आणि मैदा समान वजनाने मळून, दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये दोन मिलिमीटर लाटून, फ्रीजरमध्ये कडक करून गोल कापायची. नानकटाईच्या पिठाची टोपीच म्हणा. ती वितळत वितळत खाली उतरते, गोळा सगळीकडून सारखा फुगतो आणि वर खरखरीत, गोडसर साल येते. ही पायरी टाळण्यासारखी नाही. टोपीवाले आणि बिनटोपीचे एकाच ट्रेवर ठेवा, परत बिनटोपीचे करणार नाही.

ओव्हन दहा-पंधरा मिनिटं आधी तापवलेला. पहिली २० मिनिटं २०० अंशांवर, मग १७० वर अजून वीस. दरवाजा पहिली २५ मिनिटं उघडायचा नाही, कितीही कोणी "बघू दे ना" म्हणालं तरी. मुलगा काचेला नाक लावून बसला होता. दहाव्या मिनिटापर्यंत काहीच होत नाही, मग सगळे एकदम वर येतात आणि टोप्यांना जाळीदार भेगा पडतात. पंचविसाव्या मिनिटाला ट्रे फिरवला, कारण दाराकडची रांग फिकी होती.

ट्रे फिरवताना मी एक पफ मुद्दाम बाहेर काढला. रंग सोनेरी, आकार देखणा, बेकरीच्या काचेत ठेवावा असा. काट्यावर ठेवला तर १८ ग्रॅम. बशीत ठेवून मी मिनिटं बघत होतो. आधी टोपीखाली एक सुरकुती पडली, मग एक बाजू आत गेली, आणि चहा गाळून होईपर्यंत तो अर्धा खाली बसला. कापला तर आत पिवळट ओल्या दोऱ्यांचं जाळं होतं. बाकीचे पूर्ण ४० मिनिटं भाजले. मग प्रत्येकाच्या बुडाला सुरीच्या टोकाने भोक पाडून, ओव्हन बंद करून, दारात कालथा अडकवून फट ठेवून अजून दहा मिनिटं आत वाळू दिले. त्यातला एक तोलला तर १४ ग्रॅम. त्या चार ग्रॅम पाण्याचाच सगळा खेळ. १४ ग्रॅमवाला दाबला तर कुरकुरतो, सोडला तर तसाच राहतो. रंग आला म्हणून बाहेर काढायचं, ही सवय केकची. इथे रंगाच्या पुढे जाऊन थांबायचं.

सारण आदल्या रात्रीच केलं होतं. पेस्ट्री क्रीम म्हणजे आपलं कस्टर्डच, फक्त पावडरचं नाही. अर्धा लिटर म्हशीचं दूध, पाच बलक, १०० ग्रॅम साखर, ४५ ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, शेवटी ४० ग्रॅम बटर आणि व्हॅनिला. बलक, साखर, कॉर्नफ्लॉवर फेटून त्यात गरम दूध धारेने घालायचं आणि परत गॅसवर आणायचं. दाट झालं की लोक घाबरून गॅस बंद करतात, बलक फुटेल म्हणून. कॉर्नफ्लॉवर असताना तो सहजासहजी फुटत नाही, आणि उलट उकळी फुटल्यावर पूर्ण मिनिटभर शिजवणं गरजेचं असतं. बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्चला खातं. ते उकळून मारलं नाही तर रात्री चमचा उभा राहील असं दाट क्रीम सकाळी पातळ होऊन बसतं. थंड करताना प्लॅस्टिक थेट क्रीमला चिकटवून झाकायचं, नाहीतर साय धरते.

नुसतं पेस्ट्री क्रीम मला जड वाटतं. फ्रान्समध्ये त्यात फेटलेली साय मिसळून हलकं करतात. आपल्याकडे पाकिटात मिळणारं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम कितीही फेटा, उभं राहत नाही. त्याला तीसच्या वरचं लागतं. मी डेअरीतून श्रीखंडाचा चक्का आणला. चांगला निथळलेला, पुरणयंत्रातून काढलेला चक्का पेस्ट्री क्रीममध्ये एकास दोन प्रमाणात मिसळला आणि चिमूटभर वेलची घातली. किंचित आंबटपणामुळे क्रीमचा जडपणा गेला, आणि चक्क्यातलं पाणी आधीच फडक्यातून गेलेलं असल्यामुळे कवच भिजवायलाही काही उरलं नव्हतं. हे सारण मी व्हॅनिलाच्या कुठल्याही क्रीमपुढे ठेवायला तयार आहे. चक्क्याची उरलेली वाटी साखर घालून आईने संपवली, तिच्या वाट्याला तेवढंच होतं.

फळाचं म्हणाल तर त्या दिवसांत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी बाजारात असते. कापून, कागदावर टिपून, खायच्या दहा मिनिटं आधीच आत घालावी. द्राक्षं घालायची सूचना नाशिकमध्ये कोणी ना कोणी करतंच. घालू नयेत. चिरलेलं द्राक्ष क्रीममध्ये रस सोडत राहतं आणि अर्ध्या तासात बूड गळायला लागतं. बशीत बाजूला ठेवा, तिथे छान लागतात.

उरलेल्या पिठाची मी कडी केली, त्याला कारण आमची रविवारची सायकल मंडळी. हे गाव सायकलवाल्यांचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी कापणारी शर्यत पुरी केली तेव्हापासून तर जास्तच. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची फेरी १८९१ साली पहिल्यांदा झाली, आणि तिच्या नावाने लुई द्युरां या हलवायाने १९१० मध्ये सायकलच्या चाकासारखी गोल पेस्ट्री काढली, पॅरिस-ब्रेस्ट. आमच्यातला एक जण लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतो, तो कधीपासून तिच्याबद्दल ऐकवत होता.

बटर पेपरच्या मागे डब्याच्या झाकणाने वर्तुळ आखून त्यावर दोन कड्या शेजारी शेजारी आणि तिसरी त्यांच्या सांध्यावर घातली, वर बदामाचे काप. भाजायला ही जास्त वेळ घेते, जाडी जास्त ना. आतल्या क्रीममध्ये मूळ कृतीत बदाम किंवा हेझलनटचं प्रॅलिन असतं, म्हणजे साखरेच्या पाकात घोळवून वाटलेले. मी काय केलं, साखरेचा तांबूस पाक करून त्यात भाजलेले दाणे टाकून चिक्की थापली, गार झाल्यावर तोडून मिक्सरला लावली. आधी भुगा होतो, मग तो भांड्याच्या कडेला चिकटून बसतो, खरवडून परत फिरवायचा. मिक्सर तापतो, थांबत थांबत. मग अचानक दाण्याचं तेल सुटतं आणि तपकिरी, चकचकीत, ओघळणारं वाटण हाती येतं. वास असा की निम्मं तिथेच संपतं. हे पेस्ट्री क्रीममध्ये मऊ बटरबरोबर फेटायचं. थंडीत बटर मऊच होईना, शेवटी परात उन्हात ठेवली. क्रीम आणि बटर दोन्ही एकाच तापमानाला असावेत, एक गार आणि एक कोमट असलं तर मिश्रण फाटतं.

कडी आडवी कापायला दातेरी सुरी लागते. साधी दाबते. खालच्या अर्ध्यावर क्रीम, वर झाकण, पिठीसाखर. सायकलवाले सकाळी साडेआठला आले ते हेल्मेट काढायच्या आधी ताटाकडे वळले. पल्लेवाला म्हणाला, "हे चाक असं आहे की पंक्चर झालं तरी चालेल." त्याच्या बायकोने प्रमाण लिहून घेतलं आणि विचारलं, "भरून आदल्या दिवशी ठेवले तर?"

तर नाही. भरलेला पफ क्रीममधलं पाणी ओढायला लागतो, दोन तासांत कुरकुर जाते. रिकामी कवचं मात्र हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये महिनाभर छान राहतात. खायच्या आधी १६० अंशांवर पाच-सात मिनिटं, निवू द्यायची, मग भरायची. पावसाळ्यात फ्रीजरशिवाय ठेवूच नयेत, नाशिकची श्रावणातली हवा तासाभरात त्यांना नरम करते. अर्थात श्रावणात आमच्या घरी अंडं येत नाही, त्यामुळे तो प्रश्न परस्पर सुटतो. आमच्याकडचे भरलेले जे चार उरले ते सोमवारी डब्यातून कंपनीत गेले. नरम पडले होते, पण दुपारच्या चहाच्या सुट्टीत त्यावर एकाच माणसाने शेरा मारला, तो म्हणजे मी.